डीसी सर्वो, फीडबॅकमधला कपॅसिटर की नुसता प्रीसेट? पॉवर ॲम्प बांधणाऱ्यासाठी तुलना

सिग्नल नसताना स्पीकरच्या टर्मिनलवर शून्य व्होल्ट हवेत; तिथे उरणारा स्थिर, एकाच दिशेचा व्होल्टेज म्हणजे डीसी ऑफसेट. हे शून्य आपोआप राहत नाही, कोणीतरी ते राखावं लागतं. घरी पॉवर ॲम्प बांधणाऱ्यापुढे पीसीबी पक्की करण्याआधी हाच प्रश्न येतो. ते काम फीडबॅकमधल्या मोठ्या इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरवर सोपवायचं, प्रीसेट (स्क्रूने फिरवायचा छोटा रेझिस्टर) फिरवून एकदाच जुळवून टाकायचं, की ऑप-ॲम्पचा डीसी सर्वो, म्हणजे आउटपुट सतत पाहून शून्याकडे ओढणारं सर्किट, बसवायचा?

माझं मत आधीच सांगतो. घरगुती ५०-१०० वॅटच्या साध्या ॲम्पला, फीडबॅकचा खालचा (ग्राउंडकडचा) रेझिस्टर १ किलोओहमच्या आसपास असेल तर, चांगला कपॅसिटर पुरतो आणि त्यात कमीपणा काही नाही. हाच रेझिस्टर १०० ओहमवर आणायचा असेल, करंट-फीडबॅक ॲम्प (ज्यात फीडबॅक करंटच्या रूपात परत येतो) असेल किंवा हेडफोनसाठी काही बांधत असाल, तर सर्वो घ्या. ‘सर्वोचा आवाज मोकळा येतो’ एवढ्याच कारणाने मात्र घेऊ नका. असं का, ते आकड्यांतच दिसतं.

तुलनेसाठी एकच ॲम्प धरू. सप्लाय ±३५ व्होल्ट, ८ ओहमला ५० वॅट, म्हणजे आउटपुटवर २० व्होल्ट आरएमएस किंवा २८ व्होल्ट पीक. इनपुटला एनपीएन ट्रान्झिस्टरची डिफरन्शियल जोडी, दोघांत मिळून १ मिलिअँपिअर. फीडबॅक २२ के (किलोओहम) आणि १ के, म्हणजे गेन (सिग्नल किती पट होतो ते) २३. इनपुटपासून ग्राउंडला २२ के.

डीसी येतो कुठून

दोन कारणं आहेत. पहिलं म्हणजे जोडीतल्या दोन ट्रान्झिस्टरचे बेस-एमिटर व्होल्टेज तंतोतंत सारखे नसतात. एकाच पाकिटातल्या दोन नगांतही काही मिलिव्होल्टचा फरक निघतो. आपण ५ मिलिव्होल्ट धरू. दुसरं कारण बेस करंटचं. प्रत्येकातून अर्धा मिलिअँपिअर जातोय आणि एचएफई (ट्रान्झिस्टर बेस करंट किती पट करतो तो आकडा) २००, तर बेस करंट २.५ मायक्रोअँपिअर. तो इनपुटच्या २२ के मधून वाहतो तेव्हा तिथे ५५ मिलिव्होल्ट तयार होतात.

फीडबॅकच्या खालच्या पायात कपॅसिटर असेल तर डीसीसाठी तो पाय तुटलेलाच असतो. दुसऱ्या बेसलाही पूर्ण २२ के मधूनच करंट मिळतो, तिथेही ५५ मिलिव्होल्ट तयार होतात आणि दोन्ही एकमेकांना खोडतात. शिवाय डीसी गेन २३ ऐवजी १ असतो. ट्रान्झिस्टरच्या एचएफईत १० टक्के फरक असला तरी आउटपुटवर सगळं मिळून १० मिलिव्होल्टच्या आसपास डीसी राहतो, आणि तोही काहीच न जुळवता.

आता तोच कपॅसिटर शॉर्ट करा. दुसऱ्या बेसला आता २२ के आणि १ के समांतर दिसतात, म्हणजे जेमतेम ९५६ ओहम. तिथे २.४ मिलिव्होल्ट, इकडे ५५. फरक साडेबावन्न मिलिव्होल्ट, आणि तो गुणिले २३ केला की आउटपुटवर सव्वा व्होल्टच्या जवळ डीसी! कपॅसिटरचं तयार सर्किट घेऊन त्यातला कपॅसिटर काढायचा आणि वर सर्वो चिकटवायचा, असं करणारे बरेच जण इथे अडकतात. सर्वो आपलं काम करत असतो, पण त्याची सगळी ताकद डिझायनरनेच मोडलेला तोल सावरण्यात जाते. सर्वो घ्यायचा ठरला तर इनपुट स्टेज त्याच्यासाठी नव्याने मांडायला हवी. बीसी५५०सी घेतला तर एचएफई ४२० ते ८०० मिळतो. ५०० धरला तर बेस करंट १ मायक्रोअँपिअर. इनपुटचा रेझिस्टर १० के केला तर फरक ९ मिलिव्होल्टवर येतो आणि आउटपुटवर ०.२ व्होल्ट. त्यात ५ मिलिव्होल्टच्या असमानतेचे ११५ मिलिव्होल्ट धरले तर सर्वोशिवाय नैसर्गिक ऑफसेट ०.३ व्होल्टच्या जरा वर जातो. एवढा सर्वोला सहज पेलतो.

नुसता प्रीसेट

एमिटरमध्ये किंवा करंट सोर्सपाशी प्रीसेट ठेवायचा, मल्टिमीटर लावून आउटपुट शून्यावर आणायचं, झालं. कपॅसिटर नाही, आयसी नाही. अडचण तापमानाची आहे. वरच्या ॲम्पमध्ये डबा आतून २० अंशांनी तापला तर एचएफई वाढतो, बेस करंट उतरतो आणि थंडपणी जुळवलेलं शून्य तीसेक मिलिव्होल्टने सरकतं. स्पीकरला हे चालतं. पण जोडीतले दोन ट्रान्झिस्टर वेगवेगळे तापले तर गणित बिघडतं. बेस-एमिटर व्होल्टेज अंशाला २ मिलिव्होल्टने घसरतं. दोघांत फक्त एका अंशाचा फरक पडला तरी २ गुणिले २३, म्हणजे ४६ मिलिव्होल्ट आउटपुटवर येतात. पंख्याचा वारा एका बाजूने लागला किंवा एक ट्रान्झिस्टर हीटसिंककडे झुकलेला असला, तरी तेवढा फरक पडतो. म्हणून या पद्धतीत दोन्ही ट्रान्झिस्टर सपाट बाजूने एकमेकांना चिकटवून वर हीट-श्रिंक नळी चढवणं आवश्यकच आहे. बाकी दोन पद्धतींतही ते करावं, फुकटचा फायदा आहे.

शिवाय डीसी गेन पूर्ण २३ असल्यामुळे सोर्सकडून २० मिलिव्होल्ट डीसी आला तर स्पीकरवर जवळपास अर्धा व्होल्ट जातो. इनपुट कपॅसिटर बसवावाच लागतो. प्रीसेटची पद्धत मी फक्त स्वतःच्या टेबलावरच्या, अधूनमधून उघडून तपासता येईल अशा ॲम्पसाठी सुचवेन. दुसऱ्याला बांधून देत असाल तर नको. कार्बनचा प्रीसेट चार पावसाळ्यांनंतर कुठे असेल याची खात्री नसते.

जाता जाता, सिंगल सप्लायच्या जुन्या सर्किटांत आउटपुटलाच मोठा कपॅसिटर असायचा. २२०० मायक्रोफॅरडला ८ ओहमचा स्पीकर लावला तर ९ हर्ट्झपासून खाली उतार लागतो. डीसीचा प्रश्नच मिटतो आणि ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला तरी बहुतेक वेळा स्पीकर वाचतो. पण दोन सप्लायचा ट्रान्सफॉर्मर हाताशी असताना आज तो रस्ता धरायचं कारण उरलेलं नाही.

फीडबॅकमधला कपॅसिटर: त्याच्यावरचे आरोप किती खरे

‘सिग्नलच्या वाटेत इलेक्ट्रोलायटिक नको’ हे वाक्य इतक्यांदा ऐकू येतं की नवख्याला तो नियमच वाटतो. कपॅसिटर विकृती (डिस्टॉर्शन) केव्हा आणतो? त्याच्या दोन टोकांमध्ये एसी व्होल्टेज उभं राहतं तेव्हा. काही दहा मिलिव्होल्टच्या पुढे गेलं की इलेक्ट्रोलायटिकची विकृती मोजण्याइतकी दिसू लागते आणि पुढे झपाट्याने वाढते. तेव्हा आपल्या ॲम्पमध्ये किती व्होल्टेज उभं राहतं ते मोजू.

पूर्ण ताकदीला आउटपुट २० व्होल्ट, फीडबॅकच्या बिंदूवर ०.८७ व्होल्ट. बऱ्याच किटमध्ये इथे ४७ मायक्रोफॅरड असतो. २० हर्ट्झला त्याचा अडथळा १६९ ओहम, म्हणून त्याच्यावर जवळजवळ १४५ मिलिव्होल्ट उभे राहतात. हा कपॅसिटर खरोखरच बासमध्ये विकृती आणणार. २२० मायक्रोफॅरड घेतला तर ३१ मिलिव्होल्ट. ४७० घेतला तर १५ मिलिव्होल्टच्या आत. आरोप खरा आहे, पण तो लहान कपॅसिटरवरचा आहे. किंमत चार पैशांनी वाढते, जागा थोडी जास्त लागते आणि तक्रार जवळजवळ संपते. इथे कपॅसिटर निवडताना मिळवायचा कोपरा, म्हणजे आवाज ३ डीबीने उतरतो ती फ्रीक्वेन्सी, बघून थांबू नका. कोपऱ्याच्या हिशेबाने ४७ मायक्रोफॅरडही ३.४ हर्ट्झ देतो आणि कागदावर पुरेसा वाटतो. मोठा घ्यायचा तो विकृतीसाठी.

आता त्याचे खरे तोटे. एक, तो म्हातारा होतो. आतलं द्रव आटलं की क्षमता घटते, बास उतरतो, आणि हे इतक्या हळू घडतं की रोज ऐकणाऱ्याला कळत नाही. १०५ अंशांचा घ्या, हीटसिंकपासून लांब बसवा. तापमान १० अंशांनी कमी तर आयुष्य साधारण दुप्पट. दोन, आउटपुट कधी रेलला, म्हणजे सप्लायच्या टोकाच्या व्होल्टेजला, चिकटलं तर त्याच्यावर उलटा व्होल्टेज येऊ शकतो. त्याला दोन १एन४१४८ डायोड एकमेकांच्या उलट दिशेने समांतर लावा. नेहमीच्या वापरात तिथे १५ मिलिव्होल्टच असतात, त्यामुळे डायोड जागे होतच नाहीत. तीन, आणि हा फारसा कोणी सांगत नाही: या पद्धतीत डीसी गेन शून्य होत नाही, १ राहतो. सोर्सचा १०० मिलिव्होल्ट डीसी इनपुट कपॅसिटर नसेल तर तसाच स्पीकरवर उतरतो.

सर्वो म्हणजे नेमकं काय

सर्वो आउटपुटकडे पाहत राहतो. तिथला सिग्नल तो इंटिग्रेट करतो, म्हणजे दीर्घकाळ जमा करतो. वर-खाली होणारं संगीत जमा होऊन शून्याच्या आसपास राहतं, पण एकाच दिशेचा डीसी साठत जातो. तो साठा इनपुट स्टेजला उलट दिशेने देऊन आउटपुट शून्याकडे ओढायचं.

गणितात याचा अर्थ एकच निघतो: सर्वो हा पहिल्या दर्जाचा हाय-पास, म्हणजे तळाच्या फ्रीक्वेन्सी अडवणारा, फिल्टर आहे. कपॅसिटरही तसाच. १ किलोओहम आणि ४७० मायक्रोफॅरडचा कोपरा ०.३४ हर्ट्झ. सर्वोत १ मेगओहम आणि ०.४७ मायक्रोफॅरड घेतले आणि दुरुस्तीचं प्रमाण (सर्वोच्या एका व्होल्टने ॲम्पचं आउटपुट किती व्होल्ट हलतं ते) १ ठेवलं तर कोपरा पुन्हा ०.३४ हर्ट्झच, कारण गुणाकार तोच. २० हर्ट्झला फेज दोन्हींत सारखाच, अंशभर सरकतो. ‘सर्वोमुळे ॲम्प डीसी-कपल्ड होतो, फेज सरकत नाही’ हे सांगणारा ही एवढी आकडेमोड करून पाहत नाही. सर्वोने साधतं ते वेगळंच: ४७० मायक्रोफॅरडच्या इलेक्ट्रोलायटिकचं काम ०.४७ मायक्रोफॅरडच्या पॉलिएस्टर फिल्मवर येतं. फिल्म आटत नाही, तिला ध्रुव नाहीत आणि तिची विकृती नगण्य असते. शिवाय डीसीला गेन १ नव्हे, शून्याकडे जातो. सोर्सचा डीसीही अडतो.

मग ऑप-ॲम्पची विकृती सिग्नलमध्ये येते का? येते, पण किती वजनाने ते पाहा. कोणत्याही फ्रीक्वेन्सीला सर्वोचा हिस्सा म्हणजे कोपरा भागिले ती फ्रीक्वेन्सी. ०.३४ हर्ट्झच्या कोपऱ्याला २० हर्ट्झवर हा १.७ टक्के, १ किलोहर्ट्झवर ०.०३४ टक्के, म्हणजे मुख्य सिग्नलच्या ६९ डीबी खाली. ऑप-ॲम्पची स्वतःची विकृती त्याहून कितीतरी कमी. मधल्या पट्ट्यात, म्हणजे गाण्याच्या आवाजात, सर्वो ऐकू येण्याचं कारण नाही. त्याची परीक्षा तळाच्या बासमध्ये होते.

ताकद किती द्यायची

सर्वो डिझाइनमधला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हा आहे, आणि बहुतेक सर्किटांत तोच निष्काळजीपणे घेतलेला दिसतो.

सर्वोचं आउटपुट एका रेझिस्टरमधून फीडबॅकच्या बिंदूवर देतात. हा रेझिस्टर २२ के घेतला तर २२ के भागिले २२ के, प्रमाण १. ±१५ व्होल्टवर चालणारा ऑप-ॲम्प १३ व्होल्टपर्यंत जातो, म्हणजे सर्वो स्पीकरवर १३ व्होल्ट आणू शकतो! कशासाठी? आपल्याला दुरुस्त करायचेत ०.३ व्होल्ट. आयसी खराब झाली, तिचा एक सप्लाय गेला किंवा ध्रुव उलटा जोडला गेला, तर हाच सर्वो १३ व्होल्टने स्पीकर जाळेल. रेझिस्टर २२० के करा. प्रमाण ०.१ आणि कमाल दुरुस्ती १.३ व्होल्ट. सर्वो वेडा झाला तरी स्पीकर वाचतो. आयसीचा नॉइजही दहावा भाग होतो. ॲम्पचा गेन २३ वरून २३.१ होतो, तो विसरून जा.

मात्र प्रमाण कमी केलं की कोपराही दहापट खाली जातो. १ मेगओहम आणि ०.४७ ठेवून ०.०३४ हर्ट्झ मिळेल, आणि चालू केल्यावर शून्य बसायला वीस-पंचवीस सेकंद लागतील. म्हणून इंटिग्रेटर वेगवान करायचा. तिथला रेझिस्टर २२० के केला की कोपरा ०.१५ हर्ट्झ होतो आणि पाच सेकंदांत ॲम्प स्थिरावतो. पण इंटिग्रेटर वेगवान झाला की त्याच्या आउटपुटवर संगीताचा एसीही जास्त येतो. २० हर्ट्झला पूर्ण ताकदीवर २.१५ व्होल्ट पीक, ५ हर्ट्झला साडेआठ. त्याच्या जोडीला डीसी दुरुस्तीचे ३ व्होल्ट. १३ च्या आत बसतंय. इंटिग्रेटर याच्या दुप्पट वेगवान केला असता तर तळाच्या फ्रीक्वेन्सीला ऑप-ॲम्प क्लिप झाला असता, म्हणजे त्याच्या व्होल्टेजची मर्यादा संपली असती, आणि क्लिप झालेला सर्वो बासमध्ये खरोखर घाण करतो. ताकद, वेग आणि ऑप-ॲम्पची उरलेली जागा हे तिन्ही असे एकमेकांना बांधलेले आहेत. २२० के, २२० के आणि ०.४७ मायक्रोफॅरड हा मेळ मला या आकाराच्या ॲम्पला सगळ्यात समतोल वाटतो.

रेकॉर्ड प्लेअरवाल्यांसाठी एक गोष्ट. ३३⅓ फेऱ्यांची रेकॉर्ड मिनिटाला तेवढ्यांदाच फिरते, म्हणजे ०.५५ हर्ट्झ. वाकड्या रेकॉर्डची हालचाल त्याच्या आणि वरच्या काही हर्ट्झच्या पट्ट्यात येते. ती अडवायला सर्वोचा कोपरा वर नेऊ नका. त्याने ऑप-ॲम्पवर एसी वाढतो. फोनो स्टेजमध्ये वेगळा फिल्टर टाका.

सर्वो कुठे जोडायचा

फीडबॅकच्या बिंदूवर, म्हणजे उणे इनपुटला द्यायचा असेल तर न उलटवणारा इंटिग्रेटर लागतो: दोन रेझिस्टर, दोन फिल्म कपॅसिटर. अधिक इनपुटला द्यायचा असेल तर साधा उलटवणारा इंटिग्रेटर, एकच कपॅसिटर. दुसरा स्वस्त दिसतो आणि म्हणून मोहात पाडतो.

पण अधिक इनपुटला सोर्सही जोडलेला असतो. थेट जोडला असेल तर सोर्सचा कमी इम्पिडन्स सर्वोची दुरुस्ती जवळजवळ पूर्ण गिळतो. सोर्स काढला की सर्वो चालतो, लावला की लंगडतो. म्हणून या जोडणीत इनपुट कपॅसिटर हवाच. नीट करायचं तर इनपुटच्या १० के चं खालचं टोक ग्राउंडला थेट न देता १०० ओहमवर ठेवा आणि सर्वो २२ के मधून त्या १०० ओहमवर द्या. दुरुस्तीचं प्रमाण पुन्हा ०.१ च्या आसपासच येतं.

इथे इनपुट कपॅसिटर सर्वोच्या लूपमध्ये शिरतो, हे लक्षात ठेवा. १० मायक्रोफॅरड आणि १० के चा कोपरा १.६ हर्ट्झ, सर्वोच्या ०.१५ पासून दहापट लांब. काही बिघडत नाही. बासच्या हौसेने कोणी तिथे १०० मायक्रोफॅरड टाकला तर दोन्ही कोपरे एकाच जागी येतात, लूपचा क्यू (उसळीचं माप) १ होतो आणि ॲम्प हर्ट्झच्या खाली उसळतो. स्पीकरचा कोन चालू केल्यावर पुढे-मागे डोलताना दिसला तर कारण हे असू शकतं. दोन कोपऱ्यांत किमान चौपट अंतर ठेवा, म्हणजे क्यू अर्ध्यावर राहतो. ॲम्पच्या आउटपुटपासून सर्वोपर्यंत कोणी जादा आरसी फिल्टर टाकला तर त्यालाही हेच लागू.

मी उणे इनपुटची जोडणी पसंत करतो. एक कपॅसिटर जास्त लागतो, पण सोर्स काय आहे याची पर्वा राहत नाही.

कोणता ऑप-ॲम्प

सर्वो आउटपुट शून्यावर आणत नाही; स्वतःच्या ऑफसेटवर आणतो. टीएल०७२ चा ऑफसेट साधारण ३ मिलिव्होल्ट, जास्तीत जास्त १०. ओपीए२१३४ चा अर्धा मिलिव्होल्ट, जास्तीत जास्त २. स्पीकरला टीएल०७२ भरपूर झाला, हेडफोनला दुसरा घ्या.

एनई५५३२ ऑडिओत आवडता आहे म्हणून इथे टाकू नका. त्याचा बायस करंट २०० नॅनोअँपिअर असतो. १ मेगओहममधून तो वाहिला तर २०० मिलिव्होल्टची चूक होते, २२० के मध्येही चव्वेचाळीसची. एफईटी इनपुटचा टीएल०७२ पिकोअँपिअरमध्ये खेळतो. सर्वोला वेग नको, कमी नॉइजही फारसा नको. इनपुटने करंट ओढू नये एवढंच हवं.

टीएल०७२ चा एक दोष माहीत असायला हवा. त्याचं इनपुट उणे रेलच्या जवळ गेलं तर आउटपुट उलटं होतं. न उलटवणाऱ्या इंटिग्रेटरमध्ये ॲम्प क्षणभर उणे रेलला चिकटला तर सर्वो त्याला सोडवायच्या ऐवजी आणखी ढकलू शकतो. अधिक इनपुट ते ग्राउंड ५.१ व्होल्टचे दोन झेनर उलटसुलट सिरीजमध्ये लावा. नेहमीच्या सिग्नलला तिथे २ व्होल्टच असतात. ओपीए२१३४ मध्ये हा दोष नाही.

सप्लायसाठी ३५ व्होल्टपासून २.२ के आणि १५ व्होल्टचा झेनर, दोन्ही बाजूंना. ९ मिलिअँपिअर मिळतात, टीएल०७२ ला तीनही लागत नाहीत. रेझिस्टर अर्ध्या वॅटचा घ्या. कपॅसिटर पॉलिएस्टर फिल्मचाच. एक्स७आर सिरॅमिक लहान दिसतो म्हणून घेऊ नका. व्होल्टेजबरोबर त्याची क्षमता बदलते आणि ठोकल्यावर तो सिग्नल देतो. यातलं सगळं मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत मिळणारं आहे. दुर्मीळ काही नाही.

सर्वो म्हणजे संरक्षण नव्हे

आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला की स्पीकरवर पूर्ण ३५ व्होल्ट येतात. ८ ओहमच्या स्पीकरची कॉइल डीसीला ६ ओहमच्या आसपास असते, म्हणजे २०० वॅटची उष्णता. सर्वो तिथे काहीच करू शकत नाही. रिले आणि डीसी ओळखणारं सर्किट तिन्ही पद्धतींत हवंच. यूपीसी१२३७ सारखी तयार आयसी हे काम स्वस्तात करते. सर्वो असेल तर रिलेचा उशीर पाच-सहा सेकंदांचा ठेवा आणि बंद करताना रिले आधी सुटेल असं पाहा, कारण सप्लाय उतरताना झेनर सुटतात आणि ऑप-ॲम्प कुठेही जाऊ शकतो.

दुरुस्ती करणाऱ्याच्या दृष्टीने सर्वोचा मोठा धोका हा की तो आजार झाकतो. इनपुटचा ट्रान्झिस्टर हळूहळू खराब होतोय, नैसर्गिक ऑफसेट ०.३ वरून १ व्होल्टवर गेलाय, पण आउटपुटवर मल्टिमीटर ३ मिलिव्होल्टच दाखवतो. एके दिवशी सर्वोची ताकद संपते आणि सगळं एकदम उघडं पडतं. यावर उपाय सोपा आहे आणि तो केलाच पाहिजे: सर्वो ऑप-ॲम्पच्या आउटपुटला टेस्ट पॉइंट काढा आणि नवा असतानाचं व्होल्टेज पीसीबीवर मार्करने लिहून ठेवा. आपल्या ॲम्पमध्ये ते ३ व्होल्टच्या आसपास असेल. पुढच्या तपासणीत ८ दिसलं तर इनपुट स्टेज उघडा. असा टेस्ट पॉइंट असलेला सर्वो कपॅसिटरपेक्षा उलट जास्त माहिती देतो. ॲम्पची तब्येत एका आकड्यात कळते.

आयसी सॉकेटमध्येच बसवा. पहिल्यांदा चालू करताना सॉकेट रिकामं, सिरीज बल्ब (करंट मर्यादित ठेवायला मेन्सच्या वाटेत जोडलेला बल्ब) लावलेला, स्पीकर काढलेला. नैसर्गिक ऑफसेट मोजा. तो अर्ध्या व्होल्टच्या वर असेल तर आधी कारण शोधा. मग बंद करून आयसी लावा. चालू केल्यावर आउटपुट काही सेकंदांत शून्याकडे सरकायला हवं, त्याऐवजी १.३ व्होल्टच्या आसपास जाऊन थांबलं तर ध्रुव उलटा आहे.

मग कोणी काय घ्यावं

पहिलाच ॲम्प असेल, तर कपॅसिटर. ४७० मायक्रोफॅरड, दोन डायोड, इनपुट आणि फीडबॅकचे रेझिस्टर सारखे. बिघडण्यासारखं फार थोडं, आणि आकडे वर दिलेच आहेत.

मांडवात, कार्यक्रमात भाड्याने फिरणारा ॲम्प असेल, तरीही कपॅसिटर. गावातल्या कारागिराने रात्री दहाला उघडून दुरुस्त करायचा आहे. त्याला सर्वो म्हणजे आणखी एक आयसी, आणखी दोन झेनर आणि उलगडा न होणारा लूप.

कमी नॉइजसाठी फीडबॅक २.२ के आणि १०० ओहमचा करायचा असेल तर उत्तर बदलतं. १ के चा स्वतःचा नॉइज √हर्ट्झमागे ४ नॅनोव्होल्ट, १०० ओहमचा १.३, संवेदनशील स्पीकरवर हा फरक शांत खोलीत ऐकू येतो. पण तोच कोपरा ठेवायचा तर कपॅसिटर ४७०० मायक्रोफॅरडचा लागेल, आणि तोही इनपुट स्टेजच्या नाजूक भागाशेजारी, भलामोठा डबा म्हणून. इथे सर्वो निर्विवाद चांगला. फीडबॅकचा रेझिस्टर दहापट लहान झाला म्हणून सर्वोचा रेझिस्टरही २२ के करा, प्रमाण तेच ०.१ राहतं.

करंट-फीडबॅक ॲम्पच्या उणे इनपुटचा इम्पिडन्स मुळातच कमी असतो, दोन बाजूंचे करंट एकमेकांना खोडत नाहीत आणि ऑफसेट तापमानाबरोबर भटकतो. त्याला सर्वो हवाच.

जेएफईटी इनपुट असेल तर बेस करंटचा प्रश्न नाही, पण जोडी जुळलेली नसेल तर गेट-सोर्स व्होल्टेजमध्ये दहा-वीस मिलिव्होल्टचा फरक सहज निघतो. गुणिले २३ करून पाहा. जुळवलेल्या जोड्या महाग आणि बाजारात नकली माल बराच. न जुळलेले दोन नग घेऊन सर्वो लावणं हा इथे व्यवहारी मार्ग आहे.

हेडफोन ॲम्पसाठी माझी मर्यादा ५ मिलिव्होल्ट. ओपीए२१३४ चा सर्वो ती आरामात पाळतो, आणि हेडफोनच्या जॅकला सहसा रिले नसतो, म्हणून इथे ताकद आणखी कमी, ०.०३ च्या आसपास ठेवा. सर्वो पूर्ण चुकला तरी कानाच्या कॉइलवर ०.४ व्होल्टच येतात.